सोवळ्याचं पातळ आणि खांद्यावरची कुळं

घोलवडच्या औषधाच्या दुकानात मी मुरुमांचं मलम मागितलं, तेव्हा दुकानदारानं चष्म्यावरून माझ्याकडे निरखून पाहिलं. मी पन्नाशीकडे झुकलेली. माझ्या गालांवर त्याला काही सापडलं नाही.

"मुलीला पाहिजे का?"

"नाही, सासूबाईंना."

"त्यांचं वय?"

"बहात्तर."

त्याचा हात कपाटातल्या ट्यूबवर थबकला. मी म्हटलं, "मोठी द्या. दोन द्या, एक पुरायची नाही."

"एवढे आलेत?"

खरं म्हणजे इथं मी नीट समजावून सांगायला हवं होतं. शाळेत विज्ञान शिकवते मी. पण माझ्यात एक खोडकर बाई राहते आणि ती अशा वेळी माझ्या आधी बोलते. "काय सांगू तुम्हाला," मी सुस्कारा टाकला, "या वयात!" आणि दोन ट्यूब पिशवीत टाकून स्कूटीला किक मारली.

संध्याकाळपर्यंत बातमी आमच्या गावात, चिखल्यात पोचली. शेजारची बाई वाटीभर मुलतानी माती घेऊन आली. मला वाटलं, आता माझी धडगत नाही. पण सासूबाई झोपाळ्यावर बसून मंद हसत होत्या. "येतात एकेकाला," त्या शेजारणीला म्हणाल्या. "रक्त गरम लागतं त्याला. आमच्या सुनेला कधी आली नाहीत."

त्या मलमाचा संबंध होता त्यांच्या उजव्या खांद्याशी. खांद्याचा सांधा झिजून पार वाटोळा झाला होता. हात कमरेच्या वर जात नव्हता. ताक घुसळायचं, वरच्या फळीवरचा डबा काढायचा, वाडीतल्या चिकूच्या फांदीला हात लावायचा, सगळं बंद. केससुद्धा मीच विंचरायची आणि माझा अंबाडा त्यांना मुळीच पसंत नव्हता. "हा अंबाडा आहे की भजं?" असं दररोज ऐकून मी शाळेत जायची. पण रात्री कूस बदलताना त्यांच्या तोंडून जो आवाज निघायचा, त्यावर मात्र आम्हा दोघींनाही विनोद सुचत नसे. शेवटी सांधा बदलायचं ठरलं. वेवजीपलीकडे, गुजरातची सीमा ओलांडली की जे मोठं हॉस्पिटल लागतं, तिथले सर्जन तरुण, गुजराती, आणि इतके उंच की दारातून येताना मान वाकवायचे.

त्यांनी आम्हाला समोर बसवून सगळं समजावलं. आपल्या कातडीवर जंतू असतात, सगळ्यांच्याच असतात. त्यातला एक प्रकार, ज्याच्यामुळे तरुण पोरांना मुरुमं येतात, तो खांद्यावर आणि काखेत फार. तो वर बसत नाही, तेलाच्या ग्रंथींत खोल जाऊन राहतो. एरवी काही त्रास नाही. पण ऑपरेशनमध्ये तो आत गेला आणि नव्या सांध्याच्या धातूवर जाऊन बसला, तर महिनोन्महिने गप्प राहतो. ताप नाही, पू नाही. मग एक दिवस खांदा दुखायला लागतो आणि घातलेला सांधा पुन्हा काढायची वेळ येते.

"मग त्यांना हाकलून द्या ना," सासूबाई म्हणाल्या.

"सगळे नाही जात, बा. कमी करता येतात." गुजराती माणूस, आईच्या वयाच्या बाईला बा म्हणणारच.

सासूबाईंनी थोडा विचार केला. आमच्या सासऱ्यांची निम्मी जमीन कूळकायद्यात गेली होती, त्यामुळे त्या विषयात त्यांचा अधिकार मोठा. "म्हणजे कुळं आहेत," त्या म्हणाल्या. "काढता येत नाहीत. ऑपरेशनपुरती गप्प बसवायची."

डॉक्टरांना कूळकायदा माहीत नसावा, पण त्यांनी मान डोलावली.

कुळांना गप्प बसवायची रीत अशी: ऑपरेशन सोमवारी. बुधवारपासून दररोज आंघोळ झाली की खांद्याला पुढून-मागून आणि काखेत ते मुरुमांचं मलम पातळ लावायचं, पूर्ण सुकू द्यायचं. संध्याकाळी पुन्हा. तेल बंद, पावडर बंद, कसलाही लेप बंद. वस्तरा तर अजिबात नाही, कारण बारीक कापलं तरी जंतूंना दार उघडं. वाडीत जाऊन ओरखडा काढून घ्यायचा नाही. अंगाला स्वच्छ कपडा, अंथरुणावर स्वच्छ चादर. रविवारी रात्री आणि सोमवारी सकाळी एका गुलाबी औषधानं आंघोळ. "आणि टॉवेल पांढरे वापरा," ते शेवटी म्हणाले. "हे मलम रंग खातं."

या शेवटच्या वाक्याकडे मी लक्ष दिलं नाही. विज्ञानाची शिक्षिका!

बुधवारी पहाटे साडेपाचला न्हाणीघरात आम्ही दोघी उभ्या. पंचवीस वर्षं एका घरात काढली, एका ताटलीत पापड वाळवले, पण सासूबाईंची काख मी पाहिली नव्हती, आणि पाहायची वेळ येईल असं कुठल्याही ज्योतिषानं सांगितलं नव्हतं. हात वर होत नव्हता, म्हणून त्या पुढे वाकल्या आणि हात लोंबता सोडला, डॉक्टरांनी शिकवलं होतं तसा. भिंतीकडे तोंड, डोळे मिटलेले. मी बोटावर मलम घेतलं.

"गार आहे गं!"

"असणारच."

"हळू. काख आहे, चुलीची वैल नाही सारवायला."

"गुदगुल्या होतात का, आई?"

"मला गुदगुल्या होत नाहीत," त्या करारीपणानं म्हणाल्या आणि पुढच्याच क्षणी अशा काही किंचाळून हसल्या की बाहेर नवऱ्याच्या हातातला चहा सांडला. "काय झालं? काय झालं?" तो दाराबाहेरून विचारत राहिला. आम्ही सांगितलं नाही. आजही त्याला ठाऊक नाही.

मलम सुकेपर्यंत त्या चौरंगावर बसायच्या आणि मी समोर पाटावर. माझी शाळा तलासरीच्या बाजूला, स्कूटीवरून पाऊण तास, त्यामुळे जेमतेम पाच मिनिटं मिळायची. पण त्या पाच मिनिटांत मला जे ऐकायला मिळालं ते पंचवीस वर्षांत मिळालं नव्हतं. लग्नाआधी सासऱ्यांच्या धाकट्या भावालाच त्या आपला नवरा समजून बसल्या होत्या आणि अंतरपाट दूर झाल्यावर त्यांची घोर निराशा झाली, हे मला गुरुवारी कळलं. "मग?" मी विचारलं. "मग काय? निराशेला चार मुलं झाली." मी घड्याळ पाहिलं, उठले आणि दारातून ओरडले, "पूर्ण सुकल्यावरच कपडा घाला हं! स्वच्छ!"

"अगं, माझ्याहून स्वच्छ कपडा या गावात कुणाचा नाही," आतून उत्तर आलं.

घरभर मलमाची करणी दिसायला लागली. नवऱ्याचा आवडता निळा टॉवेल, चुकून घेतला, त्यावर ढग उमटले. उशीच्या लाल अभ्र्यावर एक पांढरा खांदा उठला, अगदी छायाचित्र काढल्यासारखा. शुक्रवारी वर्गात फळ्याकडे वळले तर मागून खुसखुस. माझ्या हिरव्या कुर्त्यावर, कमरेच्या जरा खाली, पाच बोटांचा पांढरा ठसा होता. घाईत मीच हात पुसला होता. मुलांना वाटलं ते वेगळंच. मी सगळ्या वर्गाला त्या दिवशी त्वचेवरचे जंतू शिकवले, अभ्यासक्रमात नसताना, केवळ अब्रू वाचवण्यासाठी.

तेलाचं मला भय होतं. सासूबाई म्हणजे खोबरेल तेल. पण त्यांनी तेलाची बाटली माझ्यासमोर कपाटात ठेवली, कुलूप लावलं आणि किल्ली माझ्या हातात दिली. शेजारणीची मुलतानी मातीही परत गेली. नखं कापली. मांजराला मांडीवर घेणं सोडलं. अशी आज्ञाधारक पेशंट मी आयुष्यात पाहिली नाही. मी फोनवर सगळ्या नातेवाइकांना त्यांचं कौतुक सांगत होते.

रविवारी शाळा नव्हती. सकाळी मलम लावलं आणि घाई नसल्यानं मी न्हाणीघरातली बादली-बिदली आवरत बसले. बाहेर आले तर देवघरातून घंटा ऐकू आली. डोकावले. सासूबाई पाठमोऱ्या बसल्या होत्या, अंगावर सोवळ्याचं पातळ.

हे पातळ म्हणजे आमच्या घरातलं एक वेगळंच माणूस आहे. जांभळं रेशीम, सासूबाईंच्या लग्नानंतरच्या पहिल्या गणपतीत घेतलेलं. देवघराच्या वर आडव्या बांबूवर ते टांगलेलं असतं. त्याला कुणी शिवायचं नाही. काढायचं ते काठीनं, घालायचं ते आंघोळ करून ओलेत्यानं, आणि पूजा झाली की पुन्हा काठीनं वर. साबण? शांतं पापं! वर्षातून एकदा ते नुसतं पाण्यात बुडवून वाळवतात, कुणाचा हात लागू न देता. पन्नास वर्षांची धूप, उदबत्ती, कापूर, घाम आणि नैवेद्याच्या फोडण्या त्यात मुरलेल्या आहेत. घरातलं सगळ्यांत शुद्ध वस्त्र. आणि त्या शुद्ध वस्त्राच्या उजव्या खांद्यावर, जांभळ्या रेशमावर, पांढरट पिवळा, कडेकडेनं पसरत गेलेला एक मोठा डाग होता. चार दिवसांचा तरी असावा.

मी ओरडले. नवरा काठी घेऊन धावत आला. त्याला वाटलं साप.

"आई! हे तुम्ही रोज घालता?"

"म्हणजे? पूजा कोण करतं रोज?"

"मलम लावल्यावर लगेच?"

"लगेच. मळका कपडा मध्ये अंगाला लागू नये म्हणून. तूच म्हणालीस ना, स्वच्छ हवं."

"अहो, हे कधी धुतलंय का?"

सासूबाईंनी माझ्याकडे जसं पाहिलं, तसं कुणी देवालाच दात घासलेस का म्हणून विचारलं तर पाहावं. मग त्यांनी मान वळवून आपल्या खांद्यावर नजर टाकली. मान तेवढी वळत नव्हती, म्हणून मी पदर पुढे ओढून दाखवला, तेव्हा डाग त्यांना पहिल्यांदाच दिसला. त्यांनी हातातली घंटा खाली ठेवली. डागामुळे नव्हे, हे मला लगेच कळलं. पाच दिवस कुळांना गप्प बसवायला काय काय केलं आणि रोज सकाळी आपल्याच हातानं नवी कुळं आणून वसवली, हे त्यांच्या डोक्यात उतरत होतं. "सांधा पुन्हा काढायची वेळ येते" हे डॉक्टरांचं वाक्य आमच्या तिघांच्याही मध्ये येऊन बसलं.

"उद्याचं ऑपरेशन?" त्यांनी विचारलं.

पुढची तारीख दीड महिन्यानं होती. दीड महिना म्हणजे पंचेचाळीस रात्री, कूस बदलतानाचा तो आवाज.

नवरा हळूच म्हणाला, "कशाला सांगायचं? ते तिकडे पुन्हा धुणारच ना सगळं. औषधंबिषधं लावून."

आणि मी, जी वर्गात चूक कबूल करणाऱ्याला टाळ्या वाजवायला लावते, मी म्हणाले, "तसं पाहिलं तर… धुतातच."

सासूबाई उठल्या. पातळ सोडलं, पांढऱ्या सुती साडीत बाहेर आल्या, झोपाळ्यावर बसल्या आणि हात पुढे केला. "फोन लाव डॉक्टरला."

"आई, रद्द करतील."

"करू देत. धातू माझ्या खांद्यात बसायचाय, तुमच्या नाही."

फोन लागला. मी स्पीकर चालू केला.

"डॉक्टर, मी चिखल्याची बा बोलते. माझ्याकडून चूक झाली. मलम लावून मी सोवळ्याचं रेशीम पांघरलं. पाचही दिवस."

"रेशीम? केटलां वरस जूनुं, बा?"

"पन्नास."

"साबणानं कधी धुतलं?"

"रेशीम शुद्धच असतं."

मग एक विचित्र आवाज आला. आधी मला वाटलं लाइन खराब आहे. डॉक्टर हसू दाबत होते आणि ते दाबलं जात नव्हतं. "बा," ते शेवटी म्हणाले, "तमे सत्य बोल्यां, ते माटे आभार." मग एकदम कामाचा सूर. खांद्यावर पुरळ आहे का? लाल झालंय का? फोड, ओरखडा, खाज? मी फोन खाली ठेवून त्यांना न्हाणीघरात नेऊन पाहिलं. काही नव्हतं. मलमाचे पाच दिवस वाया गेले नसावेत, ते म्हणाले. पण आता आज तीनदा काय काय करायचं ते त्यांनी सांगितलं, आणि सोमवारी पहाटे लवकर या, कातडी स्वतः पाहीन, मग ठरवू. होय म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत.

तो रविवार म्हणजे आमच्याकडे लग्नघर झालं, फक्त वाजंत्री नव्हती. नवऱ्यानं परसात मोठ्या पातेल्यात पाणी उकळलं आणि सासूबाईंच्या सुती साड्या, झंपर, चादरी, टॉवेल, सगळं त्यात रटरटलं. त्या खुर्चीत बसून काठीनं दाखवत होत्या. "ती चादर अजून बुडाली नाही. दाब. अरे, भात शिजवतोस का? जोर लाव!" उन्हात दोरीवर सगळं पांढरं फडफडायला लागलं तेव्हा शेजारणीनं कुंपणावरून विचारलं, "कोण गेलं का हो?"

"कुळं!" सासूबाई ओरडल्या.

संध्याकाळच्या पूजेचा प्रश्न होताच. रेशमाला आता हात लावायचा नव्हता. सासूबाईंनी उकळलेल्या सुती साडीकडे बराच वेळ पाहिलं. मग मुलाला म्हणाल्या, "आंघोळ कर आणि काठीनं ती साडी दोरीवरून काढून आण. हातानं नाही." त्यानं तसं केलं. देवाची तक्रार आली नाही. रात्री गुलाबी औषधाची आंघोळ झाली तेव्हा त्या नखशिखान्त फेसात बसल्या होत्या. "होळीला एवढी रंगले नव्हते," म्हणाल्या.

सोमवारी पहाटे वेवजीच्या पुढे सीमा ओलांडली. वॉर्डात जी सिस्टर आली ती पाहून मीच उठून उभी राहिले. वेवजीची, माझी सहा-सात वर्षांपूर्वीची विद्यार्थिनी. वर्गात शेवटच्या बाकावर बसून पेंगायची. "बाई, तुम्ही बाहेर बसा," ती म्हणाली.

"अगं, मी सून आहे त्यांची."

"बाहेर. आणि आत यायचं तर हात कोपरापर्यंत धुऊन. तुम्हीच शिकवलंत ना."

मी हात धुतले. कोपरापर्यंत. तिनं टॉर्च घेतला आणि सासूबाईंचा खांदा असा पाहिला, जसा सोनार तोळाभर सोनं पाहतो. पुढून, मागून, काखेत, मानेच्या वळीत. काखेतले केस तिनं बारीक मशीननं काढले, वस्तऱ्यानं नाही. सासूबाई छताकडे पाहून म्हणाल्या, "बहात्तर वर्षं अंधारात होती बिचारी. शेवटी तिथंही वीज आली."

सिस्टर हसली, पण टॉर्च हलला नाही. मग डॉक्टर आले, मान वाकवून. त्यांनीही पाहिलं. बोट फिरवलं. एका जागी थांबले. "हे काय?"

"तीळ आहे," सासूबाई म्हणाल्या. "जन्मापासूनचा. नवऱ्याला आवडायचा."

डॉक्टरांचे कान लाल झाले. ते सिस्टरला म्हणाले, "घ्या आत."

ऑपरेशन झालं. कापायच्या आधी पुन्हा एकदा दोन-तीन औषधांनी खांदा धुतला असं सिस्टर मला सांगून गेली. विचारलं नसतानाही सांगितलं, शिक्षिकेवर उपकार म्हणून.

मग सुरू झालं वाट पाहणं. हे जंतू सावकाश काम करतात हे आम्हाला ठाऊक होतं, त्यामुळे टाके निघाले तरी आनंद अर्धाच होता. दररोज संध्याकाळी सासूबाई पाठ माझ्याकडे करायच्या. "बघ." मी बघायची. "कोरडं?" "कोरडं." "लाल?" "नाही." "खरं सांग." "आई, तुम्ही डॉक्टरला खरं सांगितलंत, आता मी तुम्हाला खोटं सांगेन का?" मग त्या झोपाळ्यावर हाताचे व्यायाम करायच्या, दोरीनं, काठीनं, आणि पुढच्या घराच्या लोकांना वाटायचं, म्हातारी गरब्याची तयारी करतेय. कधी एखाद्या दिवशी दुखलं की मी टॉर्च लावून दोनदा बघायची. दुसऱ्या दिवशी दुखायचं थांबलं की नवरा जिलेबी आणायचा. त्या काळात आम्ही पुष्कळ जिलेबी खाल्ली. रेशमाचं पातळ वरच्या बांबूवर तसंच होतं. सासूबाई सुती साडीत पूजा करत, आणि ती साडी आठवड्याला उकळायची हा नवा नियम त्यांनी शेजारच्या दोन घरांतही लागू केला, घरमालकिणींना न विचारता.

सहा महिन्यांनी तपासणी. जाताना वाटेत त्या एक शब्द बोलल्या नाहीत, हे आमच्या घराण्याच्या इतिहासात प्रथमच घडत होतं. डॉक्टरांनी फोटो पाहिला, रक्ताचा रिपोर्ट पाहिला, खांदा दाबून पाहिला.

"दुखतं?"

"नाही."

"सांधा एकदम साफ, बा. जंतूंचा पत्ता नाही." ते उठून टेबलाला वळसा घालून समोर उभे राहिले. "आता हात वर करा. जमेल तेवढा. जोर नको."

सासूबाई उभ्या राहिल्या. उजवा हात पुढे आला, कमरेच्या वर, छातीच्या वर. हात खांद्याच्या वर गेला, थांबला, पुन्हा निघाला. डॉक्टरांना कळलं हात कुठे निघालाय, आणि भल्या माणसानं अदबीनं डोकं खाली झुकवलं.

"वाकू नकोस रे," सासूबाई म्हणाल्या. "सरळ उभा राहा."

तो ताडमाड माणूस सरळ झाला. सासूबाई चवड्यांवर उभ्या राहिल्या आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या, "औक्षवंत हो."